टेकडीवरची टोचणी

मुलांनो, डोंगरउतारावरच्या एका दाट जंगलात एक म्हातारी हत्तीण राहत असे. तिचे पुढचे दोन्ही गुडघे असे धरले होते, की सकाळी उठताना तिला दहादा देव आठवे. महिनाभराने तिचा कळप खिंड ओलांडून नदीकाठी जाणार होता. चालता आले नाही, तर तिला एकटीला मागे राहावे लागणार होते. या काळजीने तिला घास गोड लागेना.

त्या दिवसांत टेकडीच्या माथ्यावर राहणाऱ्या एका सुतारपक्ष्याचा भारी बोलबाला झाला होता. दुखऱ्या सांध्यावर चोचीने पन्नास वेळा टोचायचे, हा त्याचा नवा उपचार. सांबर, अस्वल, रानडुक्कर, जो तो टेकडी चढू लागला. "टोचून गुडघे बरे होत असते, तर माझ्या घरात कुणी लंगडलंच नसतं!" शेजारची साळिंदरबाई काटे फुलवून म्हणाली. पण गरजवंताला थट्टा कुठली ऐकू येते? हत्तीण निघालीच.

निम्म्या चढावर तिचे पाय लटपटू लागले. तिला पाहून सुतारपक्षी उडत खाली आला. "घाबरू नका, आजी. माझ्याकडे परत येणारा प्रत्येक जण गुण आला असंच सांगतो. तक्रार घेऊन आजवर एकही आलेला नाही!"

हत्तिणीने स्वतःच्या पायांकडे पाहिले. "बाळा, मला गुण आला नाही, तर हा चढ चढून तुला सांगायला मी येणार कशी?"

सुतारपक्षी लबाड नव्हता. हा प्रश्नच त्याला कधी पडला नव्हता. त्याने सगळे जंगल पालथे घातले आणि आठ दिवसांनी तोंड एवढेसे करून तो हत्तिणीकडे आला. "आजी, मी टोचलेल्यांतले निम्मे बरे झालेत. पण ज्यांना टोचलंच नाही, त्यांच्यातलेही निम्मे तेवढ्याच दिवसांत बरे झालेत." पुढे तो म्हणाला, "एक मात्र दिसलं. तळ्याच्या उथळ पाण्यात जे रोज थोडं थोडं चालत होते, त्यांच्यातले बहुतेक जण आता हिंडू-फिरू लागलेत. पक्की खात्री मी देत नाही."

"मग करून बघू," हत्तीण म्हणाली. "पण या खेपेला तू रोज येऊन पाहायचं. बरं वाटलं तेही, आणि नाही वाटलं तेही."

पहिले पाच दिवस काडीचा फरक पडला नाही, आणि सुतारपक्ष्याने तसे सगळ्यांना सांगितलेही. दुसऱ्या आठवड्यात गुडघे जरा मोकळे झाले. महिनाअखेरीस कळप निघाला, तेव्हा हत्तीण सगळ्यांच्या मागे होती. वाटेत ती दोनदा थांबली; पण स्वतःच्या पायांनी खिंडीपलीकडे उतरली. नदीचे पाणी दिसताच तिचे डोळे भरून आले.

तात्पर्य : नव्या उपचाराची कीर्ती ऐकून भुलू नये; ज्यांना गुण आला नाही आणि ज्यांनी उपचार घेतलाच नाही, त्यांचीही आधी चौकशी करावी.