मुंगीच्या दारात बाबाची वायर

एक होती मुंगी. मोहरीएवढी. ती राहायची आमच्याच भिंतीत, एका भोकात. भोकात होती तिची पाच बाळं.

आणि एक होता बाबा. स्वतःला फार हुशार समजायचा. तो बाबा म्हणजे मीच, दुसरं कोण?

एकदा मी ठरवलं, घरात इंटरनेट मीच जोडणार. माणूस कशाला बोलवायचा? त्यात काय एवढं! भिंतीत आयतं भोक दिसलं. मी त्यात वायर घातली. सर्रर्र. ती गेली पलीकडच्या खोलीत. तिथून दारातून आली परत. मी दोन्ही टोकं इंटरनेटच्या एकाच डब्यात खोचली. टक्. टक्.

काही झालं नाही. डब्यावर लाल दिवा. कॉम्प्युटर गप्प.

तेवढ्यात मुंगी घरी आली. तुरुतुरु, तुरुतुरु. साखरेचा दाणा घेऊन आली. बघते तर काय, दारात वायर. आत बाळं उपाशी. आता आत जायचं कसं?

मुंगी म्हणाली, "वायरताई, वायरताई, बाहेर ये.
वायर येईल,
बाळं माझी खाऊ खातील."

वायर म्हणाली, "मी नाही येत. डबा सोडेल, तर मी येईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. मुंगी गेली डब्याकडे.

"डबूदादा, डबूदादा, वायर सोड.
डबा सोडेल,
वायर येईल,
बाळं माझी खाऊ खातील."

डबा लुकलुकला. लुक लुक. "मी नाही सोडत. कॉम्प्युटर मागेल, तर मी सोडेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. मुंगी गेली कॉम्प्युटरकडे.

"कॉम्प्युटरकाका, कॉम्प्युटरकाका, वायर माग.
कॉम्प्युटर मागेल,
डबा सोडेल,
वायर येईल,
बाळं माझी खाऊ खातील."

कॉम्प्युटर घुरघुरला. घुर्रर्र. "मी नाही मागत. पुस्तक सांगेल, तर मी मागेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. मुंगी गेली पुस्तकाकडे. वायर कशी जोडायची, ते सगळं त्या पुस्तकात होतं. चित्रंसुद्धा होती. पण पुस्तक पडलं होतं खोक्यात, प्लास्टिकच्या पिशवीत. पिशवी कुणी फोडलीच नव्हती.

"पुस्तकमावशी, पुस्तकमावशी, सांग ना.
पुस्तक सांगेल,
कॉम्प्युटर मागेल,
डबा सोडेल,
वायर येईल,
बाळं माझी खाऊ खातील."

पुस्तक म्हणालं, "मी नाही सांगत. बाबा उघडेल, तर मी सांगेन."

तुरुतुरु, तुरुतुरु. मुंगी आली माझ्याकडे. मी टेबलाखाली पालथा पडलो होतो.

"बाबा, बाबा, पुस्तक उघड.
बाबा उघडेल,
पुस्तक सांगेल,
कॉम्प्युटर मागेल,
डबा सोडेल,
वायर येईल,
बाळं माझी खाऊ खातील."

मी म्हणालो, "मी नाही उघडत. पुस्तक कशाला? मला सगळं येतं." आणि उठायला गेलो. धप्प! डोकं टेबलाला आपटलं.

मुंगी माझ्या अंगठ्यावर चढली. आता चावणार, मला वाटलं. चावायलाच हवं होतं. पण ती चावली नाही. ती रडायला लागली.

"बाळं माझी उपाशी," ती म्हणाली.

एवढीशी मुंगी, आणि केवढा तिचा दाणा. मला फार वाईट वाटलं. माझी मलाच लाज वाटली.

मी हळूच म्हणालो, "मला येत नाही गं."

मग बाबानं पुस्तक उघडलं. फर्र.
पुस्तकानं सांगितलं, "एक टोक डब्यात, एक टोक कॉम्प्युटरमध्ये."
कॉम्प्युटरनं मागितलं. घुर्रर्र.
डब्यानं सोडलं. टक्.
वायर बाहेर आली. सर्रर्र.

डबा आणि कॉम्प्युटर तर एकाच टेबलावर होते. भिंतीत वायर घालायचीच नव्हती. आई हसून हसून खाली बसली.

दार मोकळं झालं. मुंगी आत गेली. तुरुतुरु, तुरुतुरु. मी भिंतीला कान लावला. आतून आवाज आला, कुरुम कुरुम.

पाच बाळं जेवली,
बाबाला अक्कल आली,
आमची गोष्ट इथेच निजली.