वारुळातली राणी

एका राज्यात रणधवल नावाचा राजा होता. तो सदा मोहिमेवर असे. राणी केतकावती त्याला दारात ओवाळून पाठवी, आणि दारातच त्याची वाट पाही.

एकदा लढाईसाठी धन कमी पडले. माळावरच्या वारुळाखाली एका जादूगाराने पुरलेले सोन्याचे हंडे होते. राजाने कुदळ घातली. घाव वर्मी बसला आणि वारुळातली वाळवीची राणी मेली. राजाने हंड्याला हात लावला, तोच त्याच्याबरोबर माळावर आलेली केतकावती मूठभर झाली, चिमूटभर झाली. वाळवीने तिला उचलून भुईत नेले.

बोरीवरून तित्तिर पक्षी बोलला, "त्यांची राणी तू मारलीस. तुझी त्यांनी नेली. या धनाला तसा शापच आहे."

"उपाय सांगा, पक्षीराज."

"पक्षीराज कसला! मी न्याहारीला वाळवी खाणारा. तरी सांगतो. खाली जा. फोडलेस ते बांध. उपाशी दिसेल त्याला भरव. तिसरे काम तुझे तुला कळेल."

त्याने पंख फिरवला. राजाची वाळवी झाली. डोळे गेले, मुकुट गेला.

वासाच्या मागाने तो चालला. कामकऱ्यांच्या रांगेत शिरून त्याने मातीचा कण तोंडात धरला, लाळेने भिजवला, भगदाडाच्या कडेला चिकटवला. मग दुसरा आणला. होता होता एवढेसे भोक उरले.

वाटेत मोठ्या डोक्याचा शिपाई आडवा आला. त्याचे जबडे नुसते लढायचे. त्यांनी घास खाता येत नसे.

"भरव रे दादा," तो म्हणाला. राजाने पोटातला घास त्याच्या तोंडात दिला.

"राणीचे दालन कुठे?"

"आतल्या अंगाला. पण ऐक. आमच्यात राणीपाशी गेलेला राजा परत फिरत नाही. जन्मभर तिथेच राहतो."

दालनात केतकावती वाळवीची राणी होऊन पडली होती. तिचे अंग फुगून दालनभर झाले होते. तिला हलता येत नव्हते. राजाने मिशांनी तिला हळूच चाचपले.

"केतकावती, मी आलो."

"आता कोणती स्वारी? ओवाळायला मला हात नाहीत."

"स्वारी नाही."

"वर जायला एकच भोक उरले आहे. तेही बुजेल. जायचे तर निघा."

"बुजू दे," राजा म्हणाला, आणि तिच्या अंगावरची माती चाटून काढू लागला.

कामकऱ्यांनी शेवटचा कण बसवला, आणि शाप तुटला. राजाराणी माणसे होऊन बोरीखाली बसली होती. भुईत वाळवीची राणी जिवंत झाली. हंडे तिथेच राहिले, मोहीमही राहिली.

"तुम्हाला दिसत नव्हते," राणीने विचारले, "मग मीच ती, हे कसे ओळखलेत?"

"तू रागावली होतीस."

राणी हसली. तिची वाट पाहणे सरले, तसे सगळ्यांचे सरो.