अंगठ्यातलं दुखणं

"साखर तोडली की ही कॅन्सरची पेशी उपाशी मरेल ना?"

अच्युतने विचारलं डॉक्टर हेडाऊबाईंना, पण आवाज असा, की उत्तरही तोच देणार होता.

वैनगंगेकाठच्या मठात उद्धवबुवांच्या पायाच्या अंगठ्यावर काळा डाग उठला होता. तपासणीत कातडीचा कॅन्सर निघाला. अंगठा कापावा लागेल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं. अच्युतला, म्हणजे बुवांच्या पट्टशिष्याला, ते मंजूर नव्हतं. या पेशी साखरेवर जगतात, एवढं त्याने कुठंतरी वाचलं आणि मठातलं गोडधोड बंद करून टाकलं. देवापुढची खडीसाखरसुद्धा! त्याने स्वतः गोड आणि मीठ आधीच सोडलं होतं, आणि पंचक्रोशीत ते ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडला नसता.

आज डॉक्टरबाई स्वतःच मठात आल्या होत्या. ओसरीवर दर्शनाची माणसं बसली होती.

"नाही मरत," त्या म्हणाल्या. "गोड सोडलं तरी शरीर भाकरीची साखर करतंच. आणि औषधाने साखरेची वाट अडवली, तर ही पेशी जेवण बदलते. कातडीखालची चरबी ओढून घेते अन् त्यावर जगते."

"तीही वाट अडवली तर?"

"तिसरं काही शोधते. तिला अमुकच खाण्याचा हट्ट नाही. मिळेल ते खाते आणि वाढते." त्या बुवांकडे वळल्या. "आज अंगठ्यावर भागतंय, बुवा. उशीर झाला तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"पण बुवांचा पाय..." अच्युत त्यांच्या पायाकडे वाकला. माणूस कडक होता, पण बुवांवर त्याचा जीव होता, हे खरं.

बुवांनी अंगठ्यावरची नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं.

"अच्युता, तू गोड कधी सोडलंस रे?"

"मागच्या दिवाळीत, बुवा."

"अन् मीठ?"

"त्याच्याही आधी." अच्युतची मान जराशी ताठ झाली.

"काहून सोडलं?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, मीपणाला खाऊ घालू नको म्हणून."

"हो. सांगितलं होतं खरं..."

बुवांनी आसनाखाली हात घातला आणि कागदाची एक पुडी काढली. पुडीत खडीसाखर निघाली. अच्युत चपापला.

बुवांनी एक खडा त्याच्यापुढे धरला.

"घे. प्रसाद आहे."

"बुवा, माझं व्रत..."

"घे."

अच्युतने हात पुढे केला. मग त्याने ओसरीवरच्या माणसांकडे पाहिलं. सगळी त्याच्याकडेच बघत होती.

हात तिथेच थांबला...

बुवांनी तो खडा आपल्या तोंडात टाकला आणि सावकाश चघळला.

"सोमवारी येतो, डॉक्टरबाई. कापून टाका अंगठा."

"बुवा!" अच्युत कळवळला आणि त्यांच्या पायांशी बसला.

बुवांनी त्याच्या डोक्यावर मायेने हात ठेवला. बघत मात्र होते डॉक्टरबाईंकडे.

"माझं दुखणं अंगठ्यात आहे. याचं कुठं आहे, तेवढं जाता जाता बघून घ्या."