भामरेकाकांचे पेढे

"कडू गोष्ट सांगायची, पण ऐकणाऱ्याला ती कडू लागता कामा नये... अशी काही युक्ती आहे का, बाबा?"

निनादने हे अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. पाठ ताठ, आवाज बेताचा. समोर त्याने पेढ्यांचा पुडा ठेवला होता.

सोमगिरीबाबा झेंडूची माळ ओवत होते. पुड्याला त्यांनी हात लावला नव्हता.

"विद्यापीठात काय शिकतोस तू?"

"मनुष्यबळ व्यवस्थापन. माणसं निवडायची, सांभाळायची, त्यांच्याकडून काम करून घ्यायचं..."

"आणि काढायची?"

"तेही."

"मग ही युक्ती तिथे शिकवत नाहीत?"

"शिकवतात ना." निनादला जरा हुरूप आला. "सँडविच पद्धत. आधी कौतुक करायचं, मधे कडू मुद्दा ठेवायचा, वरून पुन्हा कौतुक. माणूस दुखावत नाही."

"छान आहे की. मग डोंगर चढून माझ्याकडे कशाला आलास?"



डोंगरावरच्या त्या मठाचा एक रिवाज आहे. पायताण पायथ्याच्या पारापाशी काढायचं आणि अनवाणी वर यायचं; मग तो मंत्री असो की मजूर. निनाद लहानपणी वडिलांचं बोट धरून इथे यायचा, त्याला वाट पाठ होती. पण आज तो घाईत चढला आणि टाचेत बाभळीचा काटा मोडला. तो त्याने कोणाला सांगितला नाही. पाय दुमडून, काटा मांडीखाली झाकून बसला होता. झाकण्याच्या कामात अलीकडे त्याचा हात चांगला बसला होता.

"पेढे कशाचे?" बाबांनी विचारलं.

"एका माणसाने दिले."

"कशाबद्दल?"

निनादने पुडा जरा मागे ओढला.

"तू खाल्लास का?"

निनादने मान खाली घातली. ती वर न करताच तो बोलू लागला.

अभ्यासक्रमाचा भाग म्हणून तो एका कारखान्यात शिकाऊ होता. तिथल्या साहेबांना एका माणसाला घरी बसवायचं होतं. माल रवाना करणाऱ्या खात्यातले दशरथ भामरे, उभी हयात तिथे गेलेली. साहेबांना हे तोंडाने सांगणं जड गेलं, म्हणून त्यांनी ते निनादकडे सोपवलं. "तुला शिकायला मिळेल," असं वर म्हणाले. आपल्याकडे नको असलेलं काम धाकट्याच्या गळ्यात मारताना मोठी माणसं हेच म्हणतात.

निनादला तेव्हा मोठा अभिमान वाटला. रात्री आरशासमोर उभं राहून त्याने तालीमसुद्धा केली.

दुसऱ्या दिवशी भामरेकाकांना खुर्ची दिली, चहा मागवला. तुमच्यासारखा इमानी माणूस शोधून सापडणार नाही, म्हणाला. मग म्हणाला, कंपनी आता तुमच्या पुढच्या वाटचालीचा वेगळ्या दिशेने विचार करते आहे. आणि लगेच म्हणाला, तुम्ही इथल्या सगळ्यांसाठी आदर्श आहात. 'तुमचं काम गेलं' हे तीन शब्द त्या सगळ्या बोलण्यात कुठेच नव्हते. ते तोंडाशी आले होते, पण काका इतके आनंदाने ऐकत होते की त्याने ते गिळून टाकले.

काचेच्या दारातून बघणाऱ्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली. एकही आवाज चढला नाही, म्हणाले. विद्यापीठातले सर तर हे उदाहरण वर्गात मांड म्हणून मागे लागले.

"आवाज चढेल कसा?" बाबा म्हणाले. "ज्याला कळतं त्याचाच चढतो."

"हो..."

"पुढे?"

"दुसऱ्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. हातात पेढे. त्यांना वाटलं, बढती मिळाली. माझा हात हातात घेऊन म्हणाले, 'साहेब, तुमच्या तोंडात साखर पडो. घरवाली तर रातभर झोपली नाही आनंदानं.' सगळ्या खात्यात त्यांनी पेढे वाटले, आणि हा पुडा मला वेगळा दिला."

"मग?"

"उद्या त्यांच्या घरी सत्यनारायण आहे. सगळी गल्ली जेवायला बोलावली आहे. मलाही. आणि परवा मुख्य कचेरीचं पत्र त्यांच्या हातात पडेल."

माळ ओवणारा हात थांबला.

"पत्र फिरवणं माझ्या हातात नाही, बाबा. साहेबांपुढे बोलून पाहिलं. मला फक्त एवढंच विचारायचंय, आता त्यांना सांगायचं तर कसं सांगू? त्यांना लागणार नाही असं..."

बाबांनी माळ बाजूला ठेवली. "पाय इकडे कर."

"कोणता?"

"ज्यावर तू बसला आहेस तो."

निनाद चपापला. त्याने पाय पुढे केला. बाबांनी दोन बोटांनी टाच अलगद धरली.

"वा! काय पाय आहे. टाच भरीव, बोटं सरळ. पुष्कळ लांब जाशील तू या पायाने." काट्याजवळून त्यांचं बोट मोरपिसासारखं फिरलं आणि पुढे गेलं. "फारच चांगला पाय. ऊठ. झालं."

निनाद उठला. टाच भुईला टेकली आणि कळ मस्तकात गेली.

"बाबा... काटा!"

"मी हात लावला तेव्हा दुखलं का?"

"नाही."

"मग पद्धत उत्तम आहे. विद्यापीठात सांग."

निनाद मटकन खाली बसला. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. याच गोड बोटांनी त्याने एका म्हाताऱ्या होत चाललेल्या माणसाला गोंजारलं होतं आणि काट्यासकट रस्त्याला लावून दिलं होतं. शिवाय त्याचेच पेढे घेऊन तो देवाच्या दारी आला होता. धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं, असं त्याला झालं.

"काढा, बाबा," तो हळूच म्हणाला.

बाबांनी आता त्याचा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. निनाद शरमेने अर्धा झाला. जिथे आपण डोकं टेकवायचं तिथे आपला धुळीने भरलेला पाय!

"नको, नको... तुम्ही माझ्या पायाला हात नका लावू. मला पाप लागेल."

"लांबून निघत असता तर लांबूनच काढला असता."

बाबांनी माळेची सुई घेतली. निनादच्या डोळ्यांत पाहिलं.

"दुखेल," ते म्हणाले.

आणि सुई आत गेली.

निनाद ओरडला. "सोडा! बाबा, सोडा!" त्याने पाय ओढला, बाबांच्या खांद्याला धक्का दिला. फुलांची परडी कलंडली आणि झेंडू ओसरीभर झाले. बाबांच्या डाव्या हाताची पकड तसूभरही ढिली झाली नाही, आणि उजव्या हाताने घाईही केली नाही.

काटा निघाला. बाबांनी तो निनादच्या तळहातावर ठेवला. काळा, ओला, मुगाएवढाही नव्हता.

निनाद त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याला रडू आलं.

"मी खाल्ला, बाबा. त्यांनी पेढा भरवला तो मी खाल्ला... आणि अभिनंदन म्हणालो."

बाबांनी टाचेवर हळद दाबली आणि पाय मांडीवरून उतरवून खाली ठेवला. मग पुडा उचलून निनादच्या पुढ्यात सरकवला.

खाली गावातल्या गिरणीची टुकटुक ऐकू येत होती.

"इथेच राहतात ते," निनाद म्हणाला. "खाली, गिरणीच्या मागच्या गल्लीत."

"हं."

"उद्या लोक जमायच्या आत कळायला हवं. आजच. मी जातो."

तो पुडा घेऊन उठला. लंगडत पायरीपर्यंत गेला आणि तिथे थबकला.

"बाबा, ते रडले तर? त्यांच्या मालकीणबाई मला नाही नाही ते बोलल्या तर? काकांनी मला धक्के मारून बाहेर काढायला घेतलं तर... मी काय करू?"

बाबा ओसरीवर सांडलेले झेंडू वेचत होते. एक फूल त्यांनी सुईत ओवलं.

"मघाशी तू ओरडलास, तेव्हा मी पाय सोडला का?"