भिंतीवरची राई

फार फार वर्षांपूर्वी, बरं का मंडळी, भर समुद्रात एक हिरवंगार बेट होतं. किनाऱ्याला उंडीची झाडं, डोंगरावर दाट राई, आणि राईच्या पोटात गोड्या पाण्याचा झरा. चहूकडे खारं पाणी, पण साऱ्या बेटाची तहान तो एक झरा भागवायचा. त्या बेटावर एक चितारी राहत होता. हात असा, की त्याने पेरू काढला तर पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचं.

एकदा राजा तिथं हवा खायला आला आणि बेटाच्या प्रेमातच पडला. आता राजाचं प्रेम म्हणजे काय विचारता! लगोलग कारभारी आला, मजूर आले, आणि राजवाड्यासाठी किनाऱ्यावरची उंडीची झाडं आडवी झाली.

लोक हळहळले. चितारी तर जेवेना, बोलेना. शेवटी कुंचला घेऊन तो देवळात गेला आणि सभामंडपाच्या भिंतीवर त्याने ती झाडं रडत रडत काढली. चित्र इतकं हुबेहूब उतरलं, की बघायला आलेल्या बायांनी डोळे पुसले. "गेली कुठं? ही काय, इथंच तर आहेत!" असं म्हणत लोक हलक्या मनाने घरी गेले.

कारभारी मोठा बेरकी. त्याने हे बरोबर हेरलं. पुढे पाहुण्यांच्या वाड्यांसाठी केवड्याच्या बनाची जागा हवी झाली, तेव्हा तो रंगांची पेटी घेऊनच चिताऱ्याच्या दारात आला. म्हणाला, "चितारीबुवा, तुम्ही आधी भिंतीवर काढा. मग आम्ही जागेवरून काढतो."

झालं! बेटावर ती रीतच पडली. आधी चित्र, मग कुऱ्हाड. चित्र झाल्याशिवाय लोक फांदीला हात लावू देत नसत, आणि चित्र झालं की कुणी हूं की चूं करत नसे. चिताऱ्याला शाल मिळाली, मान मिळाला. खरं सांगायचं तर त्याला तो आवडलाही.

शेवटी डोंगरावरच्या राईची पाळी आली. राजाला माथ्यावर रंगमहाल हवा होता.

चिताऱ्याची बायको फटकळ. ती म्हणाली, "अहो, कुऱ्हाडवाले तुमचं चित्र पुरं व्हायची वाट बघत बसतात, दिसत नाही का तुम्हाला? या खेपेला नाही म्हणा. तुम्ही काढलं नाहीत तर लोकही तोडू द्यायचे नाहीत."

"आणि तरीही तोडली तर?" चितारी म्हणाला. "मग काहीच उरायचं नाही. निदान आठवण तरी राहू दे."

"आठवण गेलेल्याची ठेवतात हो. राई अजून जिवंत आहे."

हे त्याला लागलं. पटलंही. पण चित्र तोवर मनात उभं राहिलं होतं आणि हात शिवशिवत होते. सकाळी तो देवळात गेलाच. जन्मात काढलं नव्हतं असं चित्र त्याने काढलं. पानन् पान जिवंत, आणि झऱ्याचं पाणी तर असं, की ओंजळ पुढे करावी. लोकांनी वाहवा केली. दुसऱ्याच दिवशी राई साफ झाली.

त्या उन्हाळ्यात झरा आटला. विहिरी खणल्या, तर त्यांना खारं पाणी लागलं. पाहुणे सगळ्यांत आधी पळाले, त्यांच्यामागून राजा. मग बेटावरची माणसंही होड्यांत सामान भरू लागली.

जाताना जो तो देवळात येई, भिंतीपुढे हात जोडी आणि चिताऱ्याला म्हणे, "तुमच्यामुळे राई डोळ्यांपुढे राहिली हो. फार उपकार झाले." एकानेही बोल लावला नाही. यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं चिताऱ्याला वाटलं.

सगळ्यांत शेवटी त्याची बायको आली. कडेवर रिकामी घागर, ओठ सुकलेले. भिंतीकडे बघत ती म्हणाली, "एवढं पाणी काढलंत. तांब्याभर द्या की त्यातलं."

"चुकलो गं," चितारी म्हणाला. "माझ्या एका नकाराने राई वाचली असती, आणि मी हिरवा रंग घोटत बसलो." मग ती दोघंही शेवटच्या होडीत जाऊन बसली.

म्हणून सांगतो, मंडळी: जे अजून वाचवता येतं, त्याची आठवण जपत बसू नये.