होडीत विसरलेला भोवरा

आटपाट नगर वगैरे काही नव्हतं. होती एक खाडी. खाडीच्या काठाला तिवरांचं हिरवंगार रान होतं आणि रानाच्या टोकाला एक इवलंसं खोपटं. त्या खोपटात सुरंगी नावाची सात वर्षांची मुलगी आईबाबांबरोबर राहायची. तिचे बाबा, बाबल तारी, माणसांना होडीतून या काठावरून त्या काठावर न्यायचे. त्याबद्दल सुगीला घराघरातून सूपभर भात यायचा. भात थोडाच असायचा, पण तिघं एका ताटात जेवायची म्हणून पुरायचा.

एका वादळाने बाबांची होडीच फोडून टाकली. आता दुसरी आणायची कुठून? घरात मोलाची अशी एकच गोष्ट होती, ढवळी नावाची शेळी, सुरंगीची जिवाभावाची मैत्रीण. वरच्या गावचा सोमा तारी आता फार म्हातारा झाला होता. त्याला डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं आणि तो लेकीकडे राहायला निघाला होता. त्याने आपली जुनी होडी दिली आणि ढवळी नेली. जाताना ढवळी इतकी ओरडली, की सुरंगीने दोन्ही कानांत बोटं घातली. तरी ऐकू आलंच.

आणि होडी कशी निघाली? दुष्काळात तेरावा महिना! तळाला ही एवढी मोठी भेग. दहा हात पुढे गेलं की पायाशी घोटाभर पाणी. बाबांनी काथ्या कोंबला, राळ ओतली, पण पाणी कुणाचं ऐकतं? माणसं होडीत बसेनाशी झाली.

"फळी नवी व्हयी," बाबा म्हणाले. "पण मुरलेल्या फणसाचां लाकूड खंयसून हाडू? परवा लाँच येतली. मी तिच्यावर कामाक जातलंय. लांबच्या बंदरात."

"परत कधी येशात?" सुरंगीने विचारलं.

बाबांनी वल्हं उचलून कोपऱ्यात उभं करून ठेवलं. सुरंगीला उत्तर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. होडी तिवरांच्या रानात चिखलावर कलंडून पडली होती. सुरंगी तिच्यात जाऊन बसली आणि मनसोक्त रडली. रडून झाल्यावर तिने होडीच्या पुढच्या टोकाखालचा छोटासा कप्पा उघडला. त्यात होतं एका पायाचं चिमुकलं पैंजण, डबा नसलेलं एक पितळी झाकण, एकाच काचेचा चष्मा, अर्धाच 'ग' लिहिलेली शाळेची पाटी आणि रंग उडालेला एक लाकडी भोवरा. आईने हे सगळं आधीच पाहिलं होतं आणि कपाळाला हात लावला होता. "म्हाताऱ्यान आपली अडगळ आमच्या गळ्यात घातल्यान!" असं ती म्हणाली होती.

सुरंगीला मात्र त्या वस्तूंची दया आली. बिचाऱ्यांवर केवढं मीठ साचलं होतं! तिने परकराच्या टोकाने एकेक वस्तू हळूहळू पुसली. पैंजण पुसताना ते छुन्‌ करून वाजलं, आणि तिवराच्या पानापानावर सोनेरी ठिपके नाचायला लागले. त्या ठिपक्यांतून एक वीतभर उंचीची परी खाली उतरली. तिचे पंख चतुरासारखे निळे, हिरवे, मध्येच जांभळे. केसांत तिवराची पिवळी फुलं. पावलं मात्र चिखलाने माखलेली, कारण शेवटी ती खाडीतलीच परी!

"किती दिवसांनी कुणी यांना पुसलं गं!" परी म्हणाली. "सोमा तारी रोज पुसायचा. माणसं होडीत विसरून गेली, ती ही सगळी चीजवस्तू. मी तिची राखणदार. तू माया केलीस, म्हणून तुला हवं ते माग."

"माझो बाबा जावक नको!" सुरंगी पटकन म्हणाली.

"ऐक आधी. लाकूड, पाणी आणि वारा, एवढंच माझं ऐकतं. माणसांची मनं ऐकत नाहीत. दुसरं म्हणजे, एका इच्छेला एक वस्तू द्यावी लागते. आणि तिसरं म्हणजे, जी वस्तू देशील, ती तिच्या मालकाच्या मनातूनही जाते. तो ती विसरून जातो."

सुरंगी खुदकन हसली. "पण ती माणसां तर आधीच विसारली! विसारली म्हणान तर ह्यां सामान हंयसर रवलां मां!"

"नक्की?" परीने विचारलं.

"नक्की!" असं म्हणून सुरंगीने भोवरा पुढे केला. तोच सगळ्यांत जुनापाना दिसत होता. "ही भेग बुजू दे."

परीने इवलीशी फुंकर मारली. गुडघ्यावरचं खरचटणं भरून यावं तशी भेग भरून आली. भोवरा तळहातावरून नाहीसा झाला. भरती आली तेव्हा बाबांनी होडी पाण्यात लोटली, खाली वाकून पाहिलं, परत पाहिलं. होडी आतून कोरडी ठणठणीत! बाबांनी सुरंगीला उचलून गरगर फिरवलं. "आता कित्याक जाऊ?" ते म्हणाले. सुरंगीला आभाळ ठेंगणं झालं.

संध्याकाळी, ऊन अजून झाडांवर होतं तेव्हा, ती नेहमीसारखी भिवाआजोबांच्या पडवीत गेली. भिवाआजोबा म्हणजे गावातले म्हातारे सुतार. ते मुलांना रोज एकच गोष्ट सांगायचे. त्यांचे वडील वारले आणि आई त्यांना घेऊन मामाच्या गावी, म्हणजे इथे, आली. येताना वडिलांनी केलेला भोवरा वरच्या गावच्या होडीत राहिला आणि होडी परत फिरली. तो भोवरा लाल होता, हिरवा होता आणि फिरला की गुणगुणायचा. मुलांना ही गोष्ट तोंडपाठ होती. आणि तोंडपाठ गोष्ट कोण कान देऊन ऐकतं? सुरंगीसुद्धा ऐकत नसे.

"आजोबा, भोवऱ्याची गोष्ट सांगा मां!" मुलं म्हणाली.

"कसलो भोवरो?" आजोबांनी विचारलं.

मुलं हसली. त्यांना वाटलं, आजोबा थट्टा करतायत. सुरंगीला मात्र हसू आलं नाही.

"तुमच्या बापाशीन केललो, तो!" ती म्हणाली.

"माझो बापूस?" आजोबा विचारात पडले. "बापाशीचां तोंड आठवना नाय गे बाय." आणि त्यांचा उजवा हात आपोआप हवेत गोल गोल फिरत होता, भोवऱ्याला जाळी, म्हणजे त्याची दोरी, गुंडाळावी तसा. हात कशाला फिरतोय, हे त्यांनाच कळत नव्हतं.

सुरंगी तिथून होडीकडे धावत सुटली. होडीत विसरणं वेगळं आणि मनातून विसरणं वेगळं, हे तिला आता समजलं होतं. शब्द एकच, म्हणून ती फसली होती. तिने आपले बाबा ठेवून घेतले होते आणि आजोबांचे बाबा घालवले होते.

"परी! माझां चुकलां! इच्छा परत घे!"

परी तिवराच्या फांदीवर बसली होती. "घेईन. पण भेग परत उघडेल, सुरंगी. आणि उद्या लाँच येईल."

सुरंगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने होडीकडे पाहिलं, मग दूर खोपटाकडे पाहिलं. तिथे बाबा गुणगुणत जाळं विणत होते. किती दिवसांनी गुणगुणत होते!

"उघडू दे," ती म्हणाली. "आजोबांचो भोवरो माका दी."

कर्र करून फळी उकलली आणि भोवरा तिच्या मुठीत आला. तो घेऊन ती तशीच पडवीकडे धावली.

भिवाआजोबांनी भोवरा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, नाकाशी धरून हुंगला. मग जाळी गुंडाळून सारवलेल्या अंगणात सोडला. भोवरा गुणगुणत फिरला. आजोबा तोंड भरून हसले आणि हसता हसताच रडायला लागले. "बाबा!" एवढंच म्हणाले. साठ वर्षांनी ते आपल्या वडिलांना हाक मारत होते.

"ह्यो तुका खंय गावलो गे बाय?"

सुरंगीने सगळं सांगितलं, काही म्हणजे काही लपवलं नाही. भेगेचं सांगितलं, लाँचचंही सांगितलं. आजोबा उठले आणि त्यांनी पडवीतल्या झोपाळ्याच्या कड्या काढल्या. झोपाळ्याची फळी चांगली जाडजूड, जुन्या फणसाची होती.

"अरे देवा, आजोबानू, झोपाळो मोडतास?" भेग परत उघडलेली पाहून सुरंगीच्या मागून धावत आलेले बाबा ओरडले.

"ह्येच्यार बसान मी साठ वर्सां वाट बघत होतंय," आजोबा म्हणाले. "आता भोवरो इलो मां! मगे झोपाळो कित्याक? धर ती बाजू!"

सकाळ होताच दोघांनी फळी बसवायला घेतली. आजोबांनी रंधा मारून ती बेताची केली आणि बाबांनी भेगेच्या जागी ठोकली. तोवर गावभर बातमी झाली होती. दुपारच्या भरतीला एक जाडजूड काकू बिनझाकणाचा डबा घेऊन हजर! तिच्यामागून एका डोळ्याने बघणारे गुरुजी, त्यांच्यामागून आणखी माणसं. कुणाचं काही हरवलेलं, कुणी नुसतंच बघायला आलेलं. सुरंगीने ज्याची वस्तू त्याच्या हातात ठेवली. होडी भरून गेली.

ढवळी मात्र परत आली नाही हं. आंधळ्या सोमा तारीला तिचं दूध लागतं. पण आता होडी होती, तेव्हा भेटायला जाता येणार होतं.

होडी खाडीच्या मधोमध आली आणि भोंगा वाजवत लाँच आली. "बाबल, चल रे!" वरून माणूस ओरडला.

बाबांनी मान वर केली नाही. "माका येळ नाय! माणसां बसली आसत!"

लाँच निघून गेली. तिच्या लाटांवर हजार सोनेरी चांदण्या उठल्या आणि त्या चांदण्यांत परी उभी होती. राखायला आता तिच्याकडे काही उरलं नव्हतं. तिने सुरंगीला इवलासा हात हलवला, तिचे पंख उजेडात विरघळले, मग पिवळी फुलं, मग चिखलाची पावलं. सुरंगीला हसूही आलं आणि रडूही आलं. ती बाबांना घट्ट बिलगून बसली.

पलीकडच्या काठावरून हाक आली, "तारीऽऽ!"

आणि बाबांनी खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "इलंय रेऽऽ, इलंय!"