वल्ह्याला लावलेला कान

सकाळी सातच्या ठोक्याला टेकडीवरची घंटा वाजली आणि सगळं गाव किनाऱ्याकडे पळालं. देवमासे परत आले होते!

फार पूर्वीची ही गोष्ट. समुद्राकाठच्या एका गावात दर वर्षी थंडी सरता सरता देवमासे येत. त्या दिवशी गावात सण असे. सण कसला, तर गप्प राहण्याचा. होडी लोटायची नाही, मोठ्यानं बोलायचं नाही. वल्हं पाण्यात उभं धरायचं आणि त्याच्या दांड्याला कान लावायचा. पाण्याखाली देवमासे बोलत, ते वल्ह्यातून ऐकू येई. ऐकता ऐकता अंगावर काटा उभा राही.

त्या वर्षी पाटील नवा होता. त्यानं गावोगावचे पाहुणे बोलावले आणि होड्यांवर ढोल चढवले.

"पाटीलबाबा, देवमाशांना गोंगाट सोसत नाही हो," एक म्हातारी म्हणाली.

"आजी, पाहुण्यांसमोर लाकडाला कान लावून बसू? हसतील ते आपल्याला!"

ढोल सुरू झाले. होड्या थेट देवमाशांच्या कळपात शिरल्या.

किनाऱ्यावर एक कोळीण लेकीचा हात धरून उभी होती. पदर सावरायला तिनं क्षणभर हात सोडला, तेवढ्यात पोर दिसेनाशी झाली. पाणी चढत होतं.

"हिरू! अगं ए हिरू!"

तिची हाक तिलाच ऐकू येईना. शेजारीण म्हणाली, "नंतर बोल गं, ढोलात काही ऐकू येत नाही बघ!"

मग कोळीण पाण्यात शिरली, पाहुणे घ्यायला काठाशी परतलेल्या पाटलाच्या होडीवर चढली आणि तिनं ढोलावर दोन्ही हात दाबून धरले.

"अगं, सणात विघ्न आणतेस?" पाटील ओरडला.

"पाटील, माझी पोर हाका मारत असली तर मला ऐकू कशी येणार?"

पाटलानं पाहुण्यांकडे पाहिलं. मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. आणि हात वर केला.

ढोल थांबले. सगळ्यांनी कान टवकारले.

"आये…"

नांगरलेल्या एका होडीमागून आवाज आला. हिरू कमरेएवढ्या पाण्यात वल्हं कवटाळून उभी होती. आईनं झेप घेऊन तिला छातीशी धरलं.

"आये," पोर हुंदके देत म्हणाली, "आत पण कुणीतरी रडतंय."

पाटलानं स्वतः वल्ह्याला कान लावला. एकेक करत सगळ्यांनी लावला. आत एक बारीक, घाबरी हाक होती. होड्यांच्या गोंधळात आईपासून तुटलेलं देवमाशाचं पिल्लू खडकांपाशी भरकटलं होतं.

आणि मग खोलातून उत्तर आलं. इतकं खोल, की दात झिणझिणले, पायाखालच्या फळ्या थरथरल्या. हाक, उत्तर. हाक, उत्तर. दर वेळी दोघं थोडी जवळ.

शेवटी पाण्यातून एक काळीभोर टेकडीच वर आली, पिल्लाची आई. तिनं आभाळात फवारा उडवला, त्यात ऊन चमकलं. पिल्लू तिच्या कुशीला लागलं. दोघं हळूहळू खोल पाण्याकडे निघाली.

कुणी टाळी वाजवली नाही. एक पाहुणा कुजबुजला, "पाटील, सण कधी सुरू व्हायचा?"

"चाललाय की," पाटील डोळे पुसत म्हणाला. "कान लावा."

तात्पर्य: हाक ऐकू यावी असं वाटत असेल, तर आधी आपला ढोल थांबवावा.

ही गोष्ट आपल्या पोरांना सांगा, शेजारच्यांनाही सांगा. फक्त हळू आवाजात सांगा.